एकतीस वाचकांचा माणूस

कासमाली आबांबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं. तरी लिहिते. मी नाही लिहिलं तर उद्या दुसरं कोणी लिहील आणि ते माझ्यापेक्षा जास्त चांगलं लिहील. तेही मला सहन व्हायचं नाही.

आबा आमच्या नारीन गावच्या रस्तेदुरुस्ती आगारात बिनतारी यंत्रावर बसतात. तीस वर्षं झाली. पहाटे साडेपाचला दोलोन घाटातले बर्फ काढणारे चालक त्यांना वरची खबर देतात. दोन वर्षांपूर्वी आगारात कॉम्प्युटर आला आणि आबांना वाटलं, ही खबर सगळ्यांना मिळावी. त्यांचं पान मीच करून दिलं. गावात हे काम येणारी मी एकटीच.

"रंग कुठला देऊ, आबा?"

"रंग कशाला, पोरी? बर्फ पांढराच असतो."

म्हणून पांढऱ्या पानावर तीन ओळी. एका बोटाने टाइप केलेल्या. 'दोलोन उघडा आहे. वरच्या तीन वळणांवर बर्फाची काच झालीय, चाकांना साखळ्या लावा. वाऱ्याचं मला माहीत नाही.' जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहितात. मला याचाही राग येतो.

माझं स्वतःचं पान आहे, शुभेच्छांचं. लग्नं, वाढदिवस, नवजात बाळं, गाणी, फोटो. रोजचे चार हजारांवर वाचक. जिल्ह्यात अकरा संकेतस्थळं आहेत, त्यांत माझं पहिलं. प्रत्येकावर काउंटर मीच बसवलाय, त्यामुळे क्रमवारीही मीच लावते. कासमाली आबा अकरावे. एकतीस वाचक.

आता हे चार हजार कुठून येतात ते सांगते. गावातला इंटरनेट क्लब माझ्या मेहुण्याचा. त्याच्या वीसही यंत्रांवर सुरू करताच माझं पान उघडतं. पोरं गोळीबाराचे खेळ खेळायला येतात आणि पान खाली ढकलून देतात. खाली पडल्या पडल्या ते दर दोन मिनिटांनी आपोआप ताजं होतं, आणि काउंटर प्रत्येक वेळी नवा पाहुणा मोजतो. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी आकडा बघून बरं वाटायचं.

आणि आबांचे एकतीस? त्यातली एक बसस्टँडवरची सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई. ती सहाला पान उघडते आणि भोंग्यावरून वाचून दाखवते. दीडशे माणसं चहाचे पेले हातात धरून ऐकतात. दुसरा कोचकोरचा दुकानदार, तो घाटापलीकडच्या चालकांना फोनवर सांगतो. तिसरा इस्पितळाचा ड्रायव्हर. काउंटरला भोंगा ऐकू येत नाही.

माझा नवरा एर्मेक घाटातून प्रवासी गाडी चालवतो. चहात लोणी घालता घालता रोज विचारतो, "आज कासमाली आबा काय म्हणतात?"

एकदा मी म्हटलं, "माझं पान बघितलंस का? नवी गाणी टाकलीत."

"घाट उघडा आहे का ते आहे त्यात?"

"नाही."

"मग?"

माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातचे तळलेले बोरसोक खात.

या महिन्याच्या सुरुवातीला टेलिफोन कचेरीतून मेदेरचा फोन आला. सगळी पानं त्यांच्याच सर्व्हरवर फुकट राहतात. "बुरुल एजे, जागा संपली. यादी पाठवा. वरची सहा ठेवतो, बाकीची काढतो. शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. एखादा आकडा फसवा वाटला तर तिथे लिहा. तुमच्या गावातलं मला इथे बसून काय कळणार? महिनाअखेरपर्यंत शेरा बदलता येईल, काढलेलं पानही परत लावता येईल."

मी यादी केली. पहिलं माझं, चार हजार एकशे बारा. अकरावे आबा, एकतीस. दोन्ही आकडे काउंटरवर दिसत होते तसेच्या तसे. शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

आबांचं पान सोमवारी गेलं. सहाला सोनुन एजे भोंग्यावर म्हणाली, "दोलोनची खबर आज नाही." आगारातला एकुलता एक फोन असा खणखणायला लागला की साहेबांनी वैतागून तो आपल्या खोलीत कुलपात ठेवला. माझ्या पानावर आबांच्या तीन ओळींना जागा देता आली असती. ते मला सुचलं होतं. मी उठून चहा केला.

गुरुवारी माझ्या लक्षात आलं की सोमवारी गाणी बदलताना मी चुकून कोरी फाइल चढवली होती. माझं पान तीन दिवस रिकामं होतं. एक अक्षर नाही, एक फोटो नाही. काउंटर बघितला. चार हजार नव्वद. तीन दिवसांत एकाही माणसाचा फोन नव्हता.

आज सकाळी मी मुद्दाम बसस्टँडवर गेले. ऐकलं होतं की आबा आता रोज पायी येतात. खरंच आले. एक गुडघा धरत, आगारापासून तीन किलोमीटर, हातात चिठ्ठी. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. आबांनी भोंग्यावर वाचलं. वाऱ्याचं माहीत नव्हतं, तेही वाचलं.

एर्मेकने विचारलं, "पान बंद का केलं, आबा?"

"वाचक कमी पडले. एकतीस. कचेरीवाल्यांचा काय दोष?"

"एकतीस? इथेच दीडशे उभे आहेत."

सोनुन एजे माझ्याकडे वळली. "बुरुल हा भोंगा रोज ऐकते की. तिने कळवलं असणारच. काय गं, लिहिलं होतंस ना?"

आबाही बघत होते. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग झालं तर," आबा म्हणाले. "पोरीने आपलं काम केलं. ती खोटा आकडा देणारी नाही." त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि लेकीच्या घ्यावा तसा कपाळाचा मुका घेतला.

त्या घडीलाही माझ्या मनात काय आलं? दीडशे माणसं बघत होती, आणि सगळी त्यांच्याकडे.

आज सव्वीस फेब्रुवारी. मेदेरला मी अजून फोन केलेला नाही.