चारची वेळ

कबनूरच्या त्या बोळात चार वाजल्याचं कळायला घड्याळ लागत नसे. बसव्वांची कुत्री धोटी उठून उंबऱ्यावर जाऊन बसली, की शेजारच्या बायका चहाचं आधण ठेवत.

बसव्वांचे यजमान गुरुपाद यंत्रमागावर कामाला होते. सकाळची पाळी संपवून चारला सायकलवरून घरी यायचे. मागावरच्या धोट्यासारखी सारखी इकडून तिकडे पळते, म्हणून कुत्रीचं नाव त्यांनीच धोटी ठेवलं होतं. ते जाऊन चौदा महिने झाले, पण हे धोटीला कोण सांगणार? ती रोज बसायची. बसव्वांनी तिला कधी हाकललं नाही. ती तिथं बसली, की त्यांनाही घटकाभर वाटायचं, आता सायकलची घंटी वाजेल.

धोटी पहिल्यांदाच गाभण राहिली होती. एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, घरातल्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या घडीवर ती जोरानं कळा देऊ लागली. बसव्वांनी समोरच्या आक्कांना हाक मारली. आक्कांच्या दारात चार म्हशी. जनावरांच्या बाबतीत बोळात शब्द त्यांचाच.

"दमानं घे की गं," आक्का भिंतीला टेकून बसल्या. "म्हशीला बी तास-दोन तास लागत्यात. ही तर पैलारू."

"आक्का, हिरवं पाणी जातंय."

"गवात खाल्लं असंल. न्हाय आलं पिल्लू, तर तेलाचा हात घालून वडते मी. किती रेडकं वडल्यात!"

"रेडकू केवढं, ही केवढी!"

दोघींनाही हसू आलं. कळा येत होत्या, पोट आवळत होतं, पिल्लू येत नव्हतं.

चार वाजले. धोटी उठली नाही. तिनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

बसव्वा ताडकन उठल्या. "आक्का, ही उठली न्हाय."

"कळा देत्या, उठंल कशी?"

"पाय मोडलावता तवा बी उठली हुती. आज त्यांच्यासाठी उठली न्हाय, म्हंजे हिचं खरं न्हाय."

त्यांनी धोटीला लुगड्यासकट उचललं. आक्का कुरकुरल्या, पण चप्पल न घालताच रिक्षात चढल्या.

इचलकरंजीच्या दवाखान्यात डॉक्टर सुष्मिता यांनी तपासता तपासताच विचारलं, "हिरवं पाणी कधीपासून?"

"तीन वाजल्यापास्नं."

"मावशी, पहिल्या पिल्लाआधी ते दिसलं म्हणजे आत पिल्लाची वार सुटलेली असते. तेव्हाच निघायचं. अर्धा तास जोराच्या कळा येऊन पिल्लू आलं नाही, तरीही निघायचं. आणि घरी हात घालून ओढायचं तर मुळीच नाही."

आक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ऑपरेशन झालं. पहिलं पिल्लू आडवं अडकून आतच दगावलं होतं. तीन जगली. धोटीही वाचली.

दुसऱ्या दिवशी ती घरी, त्याच कोपऱ्यात होती. चार वाजले तसा तिचा कान हलला. तिनं दाराकडे एकवार पाहिलं, आणि मान पुन्हा पिल्लांवर टेकवली. तिन्ही पिल्लं चुरुचुरु पीत होती.

बसव्वा बराच वेळ त्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहत होत्या. मग उठल्या, पदर सारखा केला आणि स्वतःच तिथं जाऊन बसल्या.

समोरून आक्कांनी ते पाहिलं. त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.