तोफखान्याचा सलाम

भिसेगावात रस्त्याकडेच्या घरात तोफखान्यातला एक निवृत्त हवालदार राहायचा. महायुद्धातून परतला तो कान तोफांना देऊनच, त्यामुळे साधं "बरं हाय ना?" सुद्धा डोंगरापलीकडच्या माणसाला विचारल्यासारखं विचारायचा. मी वैद्य. घोडा परवडेना, म्हणून लष्कराच्या लिलावातलं खेचर घेतलं होतं आणि त्यावर बसून कशेळ्याला जायचो. मी दिसलो की हवालदार हातातला कोयता टाकून, टाचा जुळवून कडक सलाम ठोकायचा. मीही छाती काढून हात वर करायचो. गावात एकाला तरी माझ्या काढ्यांची किंमत कळली, असं घरी सांगूनही झालं होतं.

एकदा खेचर लंगडायला लागलं, म्हणून मी पायी निघालो. त्याचं दार येताच सवयीने माझा हात वर गेला. तो मात्र माझ्या मागे बघत होता.

"वैद्यबुवा, खेचर कुठं हाय?"

ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी भर रस्त्यात लंगडून दाखवलं. वर, आठवण द्यावी म्हणून हात पुन्हा कपाळाला लावला.

"तुमाला कशाला सलाम?" तो गरजला. "आमच्या तोफखान्याला झेंडा नसतो, बुवा. पैल्यापासून तोफ हाच झेंडा. आनि डोंगरात ती तोफ ह्या खेचरांच्याच पाठीवरनं चढली!"

एवढं बोलून तो माझ्याआधी माझ्या गोठ्यात पोचला आणि खेचराचा खूर मांडीवर घेऊन बसला.

खेचर बरं झाल्यावर हवालदाराच्या दारापुढे मी खाली उतरून चालू लागलो. सलामाला हात मात्र मीच वर करायचो. खेचराला हात कुठून असणार?