लाईट गेली ते बरं झालं

नव्वदच्या दशकात नागापूरच्या एका व्हिडिओ हॉलवाल्यानं कॅसेटच्या कव्हरवरचं पिस्तूल बघून जुना, काळा-पांढरा इंग्रजी पिक्चर आणला होता. कारखान्यातली पहिली पाळी सुटून आलेले आम्ही वीसेक जण होतो. माझ्या शेजारी खाकी कपड्यांतला, पाथर्डीकडचा एक कामगार, मांडीवर जेवणाचा डबा घट्ट धरून बसला होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण पिक्चर माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

पडद्यावर टोळीवाल्यांचं घर जेवायला बसलं, तसा तो कुजबुजला, "थोरला बघा, धाकट्याच्या शेजारची खुर्ची सोडून बसला. तोंडावर उजेडबी पडंना त्याच्या. ह्यो मारनार भावाला."

मी पिक्चर आधी पाहिला होता. त्याचं बरोबर होतं.

शेवटी थोरल्यानं धाकट्यावर पिस्तूल रोखलं आणि लाईट गेली. हॉलभर शिव्या सुरू झाल्या. ह्यानं मात्र डब्यावरची पकड सोडली.

"लाईट गेली ते लई बरं झालं. वाचला बिचारा."

"शेवट सांगू का?"

"नगा सांगू. माझा थोरला भाऊ जेवायचा थांबलाय घरी."

तो शेवट मी पुढेही एकदा पाहिला. पण आठवतो तो नागापूरचाच: पिस्तूल रोखलेलं, लाईट गेलेली आणि धाकटा जिवंत.