बारापर्यंतच्या तारखा

कॉम्प्युटर विभागात तिला सगळे पाठीमागे ‘नाकमुरडी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. हॉस्पिटलात सोळा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली घाण निस्तरल्यावर नाक सरळ कुणाचं राहील?

त्या दिवशी ती आईला तपासणीला घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“सात एप्रिलला बोलावलं होतं तुम्हाला. आज चार जुलै! गाठ वाढलीय.”

“अहो, मेसेजात आजचीच तारीख आहे,” म्हणत आईने मोबाइल पुढे केला.

तिने मेसेज पाहिला. सात-चारचं चार-सात झालं होतं. आईला बाकावर बसवून ती तडक खाली आपल्या विभागात गेली आणि प्रोग्रॅम उघडून बसली.

तारीख डेटाबेसकडे तारीख म्हणून जातच नव्हती, नुसते आकडे मजकूर म्हणून जात होते, आणि डेटाबेस आधी महिना वाचायचा. पंचवीस-चार गेलं की पंचविसावा महिना कुठला, म्हणून तो एरर द्यायचा. त्यावर विभागाच्या साहेबांनी अक्कल लढवली होती: एरर आली की आकडे उलटे करून पुन्हा पाठवायचे, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बारापर्यंतच्या तारखांना एररच येत नव्हती. त्या मुकाट चुकीच्या जाऊन बसत होत्या.

“शी! एररच्या तोंडात बोळा कोंबलात तुम्ही, साहेब!”

साहेब चहा ढवळत राहिले. “चालत होतं ना? आणि तपासून सही कुणी केली, तेही बघा की जरा.”

तिने प्रोग्रॅम तपासल्याचा कागद काढला. सही तिचीच होती. तेरा, पंचवीस, तीस. ज्या तारखांनी एररची बोंब मारली होती तेवढ्याच तिने तपासल्या होत्या. बोंब थांबली आणि तिने सही ठोकली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. तारीख चुकलेल्या चारशे बारा पेशंटांची यादी, त्यांना कळवायला, फोनवाल्या बाईंकडे देऊन ती वर आली.

आई फाइल मांडीवर घेऊन बसली होती. “सापडलं का चूक कुणाची ते? मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, माझी मुलगी आहे त्या कामावर, तिच्या हातून नाही व्हायचं असं.”

तिने आईच्या मांडीवरची फाइल घेतली. स्वतःचीच किळस येत होती.