सातव्या ट्रॅकवरचा आवाज

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाधा, उतारा... यातलं काही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

२००६ साल. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होते. त्या वर्षी आमच्याकडे बोलकी पुस्तकं आली. सगळा संग्रह कॉम्प्युटरवर, आणि सभासदांना घरी न्यायला त्याच्या सीडी काढून द्यायच्या. नवीन काही आलं की मी पहिला फोन बसवण्णांना करायची.

बसवण्णा मूळचे नेसरीचे. तिथं वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, कापडाचं दुकान. १९९४ साली, भर दुपारी, ते एकटेच तागे लावत असताना मागून कुणीतरी डोक्यात लोखंडी गज घातला. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. मारणारा सापडलाच नाही. पुढं धाकटा भाऊ महादेव त्यांना घेऊन कोल्हापुरात आला. अण्णाला हाताला धरून वाचनालयात आणणारा तोच. सगळी गल्ली त्याचं कौतुक करायची... मीसुद्धा.

त्या दिवशी बसवण्णांनी समुद्रप्रवासावरची एक नवी कादंबरी नेली. एका बाईंनी शांत आवाजात वाचलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन.

"ताई, सातव्या ट्रॅकवर काय घातलंय तुम्ही? मला मारल्यालं हाय की त्यात!"

मी लगेच मूळ फाईल लावून ऐकली. जहाज, वारा, त्या बाईंचा आवाज. बाकी काही नाही. सीडीच खराब असेल म्हणून दुसरी काढली आणि दुपारी त्यांच्या घरी गेले. दोघं भाऊ जेवायला बसलेले.

"बदलायच्या आधी ऐका तर," बसवण्णा म्हणाले. मी त्यांचीच सीडी प्लेअरमध्ये लावली.

बाईंचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला. तागे धडाधड खाली पडल्याचा आवाज आला. मग गज... सोललेल्या नारळावर घालावा तसा. एक. दोन. बसवण्णांची किंकाळी — आणि बसवण्णा तर माझ्यासमोर तोंड मिटून बसलेले! घावांच्या मधे एक धापा टाकणारा आवाज: "घे! आता बघू आप्पा कुणाला दुकानात बसवत्यात! घे!"

आवाज महादेवचा होता.

बसवण्णांनी त्याच्या दिशेनं मान वळवली. "तम्मा," धाकट्या भावाला ते असंच म्हणायचे, "तू हाईस हे?"

महादेव उष्ट्या हातानं उठला. कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि प्लेअरवर घालत सुटला. सीडीचे तुकडे तुकडे होईपर्यंत. "तवाच मेला असतास तर बरं झालं असतं!" असं ओरडून तो अण्णाकडे वळला. मी मधे हात घातला. माझ्या मनगटाचं हाड मोडलेलं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. पुढचा घाव बसवण्णांच्या खांद्यावर बसला. पण तेवढ्यात त्यांनी चाचपडत भावाचा गळा धरला, तो सोडलाच नाही. दोघं ताटांवर कोसळले. आमटी कुठली, रक्त कुठलं, कळत नव्हतं. माझ्या ओरडण्यानं शेजारचे धावत आले. बसवण्णांची बोटं सोडवायला चार माणसं लागली. महादेव निळा पडला होता.

शुद्धीवर आल्यावर पोलिसांपुढं त्यानं सगळं कबूल केलं. जबाब द्यायला मी हाताला प्लॅस्टर घालून गेले, तेव्हा तो तिथंच बाकावर बसला होता. गळ्यावर बोटांचे वळ.

"बाई, ती सीडी कुणी केली?" त्यानं हळूच विचारलं.

"मीच. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर."

"ते न्हाय इचारत... त्यातलं बोलणं." तो माझ्याकडे वाकला. "मारताना मी तोंडातनं एक शब्द काढला न्हवता. काढला असता तर अण्णानं तवाच आवाज वळखला नसता व्हय? ते सगळं मी मनात म्हटलंतं, बाई. नुसतं मनात."

ती मूळ फाईल मी नंतर किती वेळा ऐकली असेल. दर वेळी फक्त समुद्र. त्या एका सीडीवर ते कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही.