चांगुणाच्या कपड्याच्या खोलीची खिडकी

ते भांडण मी चोरून ऐकलं नव्हतं. मी माझ्याच अंगणात तुरीची डाळ निवडत बसले होते. शेजारी व्यंकटीचं घर बांधायला चालू होतं, भिंत छातीएवढी आली होती, आणि पलीकडं नवरा-बायको वाळूवर बसून बोलत होते. खाली बसलेली म्हातारी त्यांना दिसली नाही, यात माझा काय गुन्हा?

"कपड्याच्या खोलीला खिडकी पायजेच," चांगुणा म्हणत होती. "बंद खोलीत लुगडी कुबट होतेत."

निजायच्या खोलीला लागून चार हाताची एक खोली निघाली होती. नकाशात इंजिनिअरनं तिला ड्रेसिंग म्हणून लिहिलं होतं. नांदेडात राहूनसुद्धा आमच्यात कुणी ड्रेसिंग केलेलं मला माहीत नाही, म्हणून आम्ही तिला कपड्याची खोलीच म्हणायचो.

"ऊन येतंय खिडकीतून," व्यंकटी म्हणाला. "कपड्याचा रंग उडतोय."

"बावीस साड्या हायत माझ्याकडं, समद्या पांढऱ्या. पांढऱ्याचा कोणता रंग उडतोय, सांगा बरं?"

मला हसू आलं, तोंडावर पदर धरला. मग व्यंकटीचा आवाज खाली गेला.

"आगं, ती भिंत अक्काच्या अंगणाकडं हाय. खिडकी काढायची तर अक्काला इचारावं लागंल."

"मग इचारा की. अक्का काय वाघीण हाय?"

"दिवसभर हापिसात इचारूनच राहिलो. आत येऊ का साहेब, पाणी आणू का साहेब, घरी जाऊ का साहेब. आता सवताचं घर बांधायला बी इचारायचं?"

तेवढ्यात देगलूरकडचा मलप्पा मिस्त्री थापी घेऊन आला. "खिडकीला जागा सोडायची का न्हाई, सांगा. माल वाळून राहिलाय."

"भरून टाका," व्यंकटी म्हणाला.

मी नुसती उभी राहून "काढ रे बाबा खिडकी" म्हणाले असते तर झालं असतं. नाही उठले. वाटलं, येतील, ओट्यावर बसतील, चहा घेतील, मानानं विचारतील. मग मी हो म्हणीन. वयानं मोठी होते ना मी. माझ्यासमोर, डाळीचं सूप मांडीवर असताना, मिस्त्रीनं ती भिंत भरून टाकली.

त्या बावीस साड्यांचं सांगते. चांगुणा भोकरकडच्या खेड्यातली, लहानपणापासून खुरपणीला जाणारी. लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा पौर्णिमेला विहारात बायका पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला बसलेल्या तिनं पाहिल्या, आणि चार-पाच जणी दारातच उभ्या राहिलेल्या पाहिल्या. कामावरून आलेल्या, रंगीत लुगड्यात. कुणी त्यांना अडवलं नव्हतं, पण त्याच आत यायला लाजत होत्या. चांगुणानं मग घरोघर फिरून साड्या जमवल्या. कुणाची जुनी, कुणाची काठ फाटलेली. काठ काढून, शिवून, धुऊन, खळ देऊन तिनं त्या विहाराच्या केल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून पदराच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका. लाल दोरा गल्लीतल्या पंचशीलाचा, हिरवा सिंधूचा, पिवळा माझा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी साड्या घरोघर द्यायच्या, दुसऱ्या दिवशी परत घ्यायच्या. मयतीलाही त्याच.

घर झालं, साड्या कपड्याच्या खोलीत गेल्या. खिडकी नाही म्हणून चांगुणा दर रविवारी गठ्ठा डोक्यावर घेऊन गच्चीवर चढायची, एकेक साडी उन्हात टाकायची, संध्याकाळी घड्या करून खाली आणायची. व्यंकटी खाली पेपर वाचत बसायचा. ती जिन्यावरूनच म्हणायची, "इचारलं असतं तर पाय वाचले असते माझे." तो पेपर वर धरायचा, तोंड झाकेल एवढा.

चार वर्षांखाली श्रावणात व्यंकटीची मूत्रपिंडं बिघडली. पोरगी ज्योत्स्ना लातूरला नर्स, ती त्याला तिकडं घेऊन गेली. चांगुणाही गेली. खोलीची किल्ली कमरेला तशीच. महिनाभर नांदेडात पाऊस लागून राहिला.

व्यंकटीला परत आणलं ते गाडीतून, झाकून. बायका रीतीप्रमाणं चांगुणाच्या दारात साड्यांसाठी आल्या. तिनंच उठून कुलूप काढलं. कुबट वास अंगणापर्यंत आला. एकेक घडी उलगडावी तर घडीघडीवर काळे-पिवळे ठिपके, चौकटी चौकटीनं, जिथं जिथं घडी होती तिथं. तोवर चांगुणा रडली नव्हती. ती साडी धरून खाली बसली आणि म्हणाली, "बघा अक्का. यांच्या मातीला डागाळलेल्या साड्या."

पंचशीलानं तिच्या हातातून साडी घेतली आणि काही न बोलता नेसली. मग सगळ्यांनी. त्या दिवशी आम्ही व्यंकटीच्या मागं गेलो ते तसल्याच साड्यांत.

महिन्यानं मी तिच्याकडं गेले. "चांगुणा, पोराला सांग, भिंत फोडा. माझी हो आहे." आणि मग, पोटात राहीना म्हणून, त्या दिवशीचं सगळं सांगितलं. डाळ, वाळू, साहेब, मलप्पा मिस्त्री.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "समदं ऐकलं व्हतं तुमी?"

"हो."

"मग बोलल्या कामून न्हाई?"

"तुम्ही विचारायची वाट बघत होते."

"आन् ते तुमी बोलायची वाट बघून राहिले होते," ती म्हणाली. "कितीदा म्हणले मला, अक्का सवताहून म्हणंल एखाद्या दिवशी."

मी तशीच उठून घरी आले.

आनंदराजनं, तिच्या पोरानं, पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री आणला. मीही अंगणात उभी राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं हो म्हणाले. चांगुणानं मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं. "त्यांनी भरलेली भिंत हाय. त्यांना आता कुठं इचारायला जाऊ?" सोड्यात उकळून, निळीत घालून तिनं निम्मे डाग काढले, निम्मे राहिले. आणि गच्ची चालू ठेवली. गुडघे गेले तसा गठ्ठा लहान केला, खेपा वाढवल्या. मी कधी कठड्याशी उभी राहून साडीचं दुसरं टोक धरायची. तेवढंच मला धरता आलं.

या वैशाख पौर्णिमेला पहाटे ती झोपेतच गेली. तिच्या मातीला अंगाला अंग लावून उभ्या राहिलेल्या बायका सगळ्या पांढऱ्यात होत्या, कारण आदल्या दिवशीच तिनं साड्या पोचवल्या होत्या.

त्या आदल्या दुपारी ती माझ्याही ओट्याशी आली होती. काखेत गठ्ठा, कपाळावर घाम. पिवळ्या दोऱ्याची साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"परत देताना नीळ कमी घाला अक्का. मागच्या खेपंला आभाळ करून दिलं होतं."

"डोळ्याला दिसत नाही आता."

"ऐकायला तर लई येतंय," ती म्हणाली आणि हसली. पाणी दिलं ते उभ्यानंच प्याली. बस म्हणाले तर म्हणाली, अजून नऊ घरं हायत, सिंधू कामाला निघून जाईल. गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला आणि उन्हातून पंचशीलाच्या घराकडं गेली.