नत्थूच्या तराजूचा पासंग

"घासलेलं तांबं मले मेल्यासारखं दिसते," असं प्रमिलाबाई एकदा म्हणाल्या, आणि नत्थूनं त्यांच्यासाठी नाणी घासणं सोडलं.

जाम गावच्या चौकातल्या त्याच्या मोडीच्या दुकानात आलेलं तांबं-पितळ चिंचेनं लखलखीत करायचं, हा बापापासूनचा रिवाज. बाई बोरगाव मेघेच्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, जुने अमेरिकी सेंट, म्हणजे तिथली तांब्याची नाणी, जमवणाऱ्या. त्यांना खूश करायला त्यानं दोन सेंट आरशासारखे चमकवले. बाईंनी ते हातातही घेतले नाहीत. त्यांना एकच हवा होता: १९०९चा, मागच्या बाजूला तळाशी व्ही.डी.बी. अशी बारीक अक्षरं आणि पुढं सालाखाली टांकसाळीचा एस असलेला, फार दुर्मिळ. अल्बममधलं तेवढंच घर रिकामं होतं, आणि निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं आयुष्य त्या गोल अंधाराभोवती फिरत होतं.

त्या दुपारी नत्थू घंगाळ तोलत होता. बाई पिशवी उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून त्याच्या बापानं हलक्या पारड्याच्या बुडाला एक परदेशी नाणं मेणानं चिकटवलं होतं. दुकानातलं सगळं घासलं जाई, पासंगाला मात्र कोणी हात लावत नसे.

"गव्हाच्या ओंब्या आहेत, नत्थू. खाली व्ही.डी.बी. आहे. साल दुसऱ्या अंगाले, मेणात."

"काढू नका बाई. लोक म्हणतीन, नत्थ्या काटा मारून राह्यला."

"आता काय म्हणतेत मंग?" आतून त्याची बायको सीताबाई बोलली.

बाईंनी पर्समधून एक साधा सेंट काढला. "वजन तेच आहे. हा लावजो. एस निघाला तर बाजारभावानं घेईन, तुह्या दुकानावर नवे टिनं चढतीन. नाई निघाला तर मले चहा पाजजो."

चहा आधीच आला होता. नत्थूनं घंगाळ खाली उतरवलं आणि गरम ग्लास त्या पारड्यात ठेवला. खालचं मेण सैल झालं, नाणं बाईंच्या तळहातावर पडलं. त्यानं ग्लास उचलून बाजूला ठेवला. मेणाखालची बाजू गुळासारखी तपकिरी, कधी न घासलेली. बाईंनी भिंग धरलं. बराच वेळ धरलं. मग भिंग नत्थूच्या हाती दिलं.

साल होतं. सालाखाली एस होता.

नत्थूनं मान वर केली तेव्हा बाई चेक लिहीत होत्या. आकडा पाहून तो घंगाळावरच बसला. बाईंनी साधा सेंट पारड्याखालच्या मेणात अंगठ्यानं दाबला, पारडी समेवर येईपर्यंत थांबल्या. मग नाण्यावर मूठ मिटली, आणि चहाला हातही न लावता ताठ मानेनं उन्हात निघून गेल्या.